‘जरी-तरी’ची जोडी आणि ‘ऑल्दो’

इंग्रजीत ‘ऑल्दो’ने (although, म्हणजे ‘जरी’) सुरू झालेल्या वाक्यात पुन्हा ‘बट’ (but, म्हणजे ‘पण’) घालू नये, निष्काळजीपणामुळे ही चूक होते, असे एक मत आहे. त्यातला ‘बट’ घालू नये हा भाग बरोबरच आहे. मात्र ही चूक निव्वळ निष्काळजीपणातून होते, हे पटत नाही. मराठीत ‘जरी’ गाळला तरी चालते, पण ‘तरी’ सहसा गाळता येत नाही. इंग्रजीत नेमके उलट असते: ‘ऑल्दो’ टिकतो आणि पुढच्या उपवाक्याला स्वल्पविराम पुरतो. म्हणून ‘तरी’ची सवय ‘बट’ होऊन डोकावते.

याहून फसवी जोडी ‘इव्हन दो’ (even though) आणि ‘इव्हन इफ’ (even if) यांची आहे, कारण आपला ‘तरी’ दोन्हीकडे चालतो. ‘तो आजारी असला तरी येईल’ या वाक्यात आजारपण ठाऊक असलेली वस्तुस्थिती असेल तर ‘इव्हन दो’ आणि नुसती शक्यता असेल तर ‘इव्हन इफ’ लागते. ‘मुदत संपली असली तरी अर्ज स्वीकारावा’ अशी विनंती करताना मी एकदा ‘इव्हन इफ’ लिहिले होते. वाचणाऱ्याने मुदत अजून संपलेली नाही, असे समजून पत्र बाजूला ठेवले.