शब्दचर्चा: ‘पब्लिक हिस्टरी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (नेरूळ)

नमस्कार मंडळी. जत्रेच्या वेळी आमच्या गावठाणात एक प्रदर्शन मांडतोय. घरोघरचे जुने फोटो, सातबारे, सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हाच्या नोटिसा, मिठागरातली अवजारं. मदतीला कॉलेजच्या एक मॅडम आहेत, त्या या कामाला ‘पब्लिक हिस्टरी’ म्हणतात. कमानीवर मराठी शब्द हवाय. लोकइतिहास, जनइतिहास आणि सार्वजनिक इतिहास असे तीन सुचलेत. कोणता घ्यावा?

प्रतिसाद (ठाणे, नौपाडा)

माझं मत ठामपणे ‘सार्वजनिक इतिहास’ला.

मूळ शब्द कुठून आला ते आधी पाहू. १९७०च्या दशकात अमेरिकेत इतिहास शिकलेल्यांना प्राध्यापकीच्या जागा मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या रॉबर्ट केली यांनी १९७६ मध्ये वेगळा अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी खाती, कंपन्या, संग्रहालयं, वर्तमानपत्रं अशा वर्गाबाहेरच्या ठिकाणी काम करणारे इतिहासकार त्यातून घडवायचे होते. म्हणजे काम कुठे आणि कोणासाठी होतं, यावरून हे नाव पडलं.

‘लोकइतिहास’ वेगळं काही सांगतो. लोकगीत, लोककथा यांतला ‘लोक’ त्याला चिकटलेला असतो. कर्ता अज्ञात, तोंडोतोंडी आलेलं, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो. शिवाय राजेरजवाड्यांऐवजी सामान्यांचा इतिहास, हीही छटा त्यात आहे. तुमच्या नोटिसा आणि सातबारे तर सरकारी कागद आहेत, ते त्यात कसे बसवणार? ‘जनइतिहास’ अजून कोणाच्या तोंडी रुळलेला नाही.

‘सार्वजनिक’ मात्र आपण कमावलेला शब्द आहे. १८७०ची पुण्याची सार्वजनिक सभा, तिच्यामुळे ‘सार्वजनिक काका’ झालेले गणेश वासुदेव जोशी, जोतीरावांचा सार्वजनिक सत्यधर्म, गणेशोत्सव, वाचनालयं. या सगळ्यांत सार्वजनिक म्हणजे चार लोकांनी मिळून उभं केलेलं. वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारता येतो. इतिहासालाही हे हवंच.

प्रतिसाद (कळवा)

दादा, सभा आणि वाचनालय ठीक, पण आज ‘सार्वजनिक’ म्हटलं की नळ, शौचालय आणि बांधकाम खातं आठवतं. सर्वांचं ते कोणाचंच नाही, असा अर्थ झालाय. दुसरी भीती अशी की, इतिहास सार्वजनिक झाला म्हणजे ज्याला जे वाटेल ते फलकावर लिहायचं आणि व्हॉट्सॲपवर फिरवायचं. ‘इतिहाससंशोधन’ हा जुना शब्द काय वाईट आहे?

प्रतिसाद (ठाणे, नौपाडा)

ताई, भीती खरी आहे. पण शिस्त वर्गाच्या चार भिंतींत जन्मली असं आपल्याकडे तरी झालेलं नाही. वि. का. राजवाड्यांनी दारोदार हिंडून दप्तरं मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली आला, त्यातली पत्रं वाईला मिळालेली. आपल्या ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे मिठागरांच्या व्यवसायातले. १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं करण्यात ते पुढे होते आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहासही त्यांचाच. ही माणसं वर्गाबाहेरची होती, तरी पुराव्याला घट्ट होती.

‘संशोधन’ शब्द चांगलाच आहे, पण तो शोधण्यापाशी थांबतो. शोधलेलं रस्त्यावरच्या माणसाला सांगणं त्यात येत नाही. शिलाहार राजांच्या काळातला गधेगाळ, म्हणजे कोरीव दगड, घ्या. वर चंद्रसूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला दिलेली ती शिवी. असा दगड शेंदूर लावून पुजला जात असेल तर शेजारच्या पाटीवर काय लिहायचं? शिवीचा अर्थ सांगायचा, पूजणाऱ्यांचा अपमान होऊ द्यायचा नाही आणि शाळेतल्या मुलीने वाचलं तरी तिला दगडाचं कारण कळलं पाहिजे. सगळं चार ओळींत! हे काम शोधनिबंधापेक्षा सोपं नाही.

(पाटीवर ‘गधेगळ’ लिहितात तेही तपासावं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, त्यातला ‘गळ’ कानडी ‘कल्लु’चा, म्हणजे दगड. गधेगाळातला ‘गाळ’ म्हणजे शिवी. दोन्हींची सरमिसळ झाली आहे.)

प्रश्नकर्ता (नेरूळ)

पाटीवरून सांगतो. खाडीच्या बांधाला असलेल्या लाकडी झडपेचा एक फोटो मिळाला. आम्ही खाली ‘पाणी नियंत्रित करण्याचे द्वार’ असं टाइप केलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “द्वार कसला, उघाडी हाय ती.” मग ओहोटीला ती कशी उघडायची, भरतीचं खारं पाणी आत शिरलं तर भातखाचराचं काय व्हायचं, हे त्या बराच वेळ सांगत बसल्या. मॅडमनी सगळं रेकॉर्ड केलं. आता ओळ बदलून ‘उघाडी’ केली आहे.

प्रतिसाद (कळवा)

मग माझा आक्षेप मागे. सांगणारी, तपासणारी आणि लिहिणारी अशी सगळी माणसं यात आहेत, ते ‘संशोधन’मध्ये खरंच मावत नाही. फक्त कमानीवर नुसतं ‘सार्वजनिक इतिहास’ नको, कोणाचा ते कळू द्या: ‘नेरूळ गावाचा सार्वजनिक इतिहास’.

प्रतिसाद (ठाणे, नौपाडा)

हे उत्तम. आणि फोटोखाली माहिती कोणी दिली ते आजींना विचारून जरूर लिहा. रेकॉर्डिंगची एक प्रत त्यांच्या घरीही द्या.