तातू, तामांदुआ आणि 'आई'

प्रश्न : ब्राझीलच्या प्राण्यांवरचा मजकूर मुलांसाठी मराठीत करते आहे. स्लॉथ, आर्माडिलो, अँटईटर यांना 'आळशी', 'खवले मांजर', 'मुंगीखाऊ' म्हटलं तर चालेल का?

— 'खवले मांजर' मुळीच नको. ते आपल्या सह्याद्रीतलं. त्याला दात नाहीत आणि त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. आर्माडिलोच्या कवचात हाडाच्या चकत्या असतात, तोंडात दात असतात. दोघं अंगाची गुंडाळी करतात म्हणून गफलत होते. खरं तर आर्माडिलोंमध्ये पुरता चेंडू होतो तो फक्त तीन पट्ट्यांचा; २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाचा शुभंकर तोच होता.

ब्राझीलमध्ये त्याला 'तातू' म्हणतात. शब्द मूळचा तुपी या तिथल्या आदिवासींच्या भाषेतला, पोर्तुगिजांनी उचललेला. परका वाटतो? अहो, 'काजू' आणि 'अननस'ही तिकडचेच! पोर्तुगिजांबरोबर इकडे आले आणि ओल्या काजूची उसळ आता आपल्या घरची झाली. काजूचा, काजूला; तसंच तातूचा, तातूला. मराठीत इतका अलगद बसणारा शब्द सोडू नका.

अँटईटरला 'तामांदुआ'. त्याची फोड 'मुंग्यांचा शिकारी' अशी करतात, म्हणजे 'मुंगीखाऊ' अर्थाने चुकीचा नाही. पण आपल्याकडे खवले मांजरालाही मुंगीखाऊ म्हणतात, तिथे घोळ होतो. मोठा तामांदुआ संकटात मागच्या पायांवर उभा राहून पुढचे दोन्ही पाय फैलावतो. दिसतं मिठीला बोलावल्यासारखं. पण त्या पंजांत वारूळ फोडणारी नखं असतात. म्हणून दगाबाज जवळिकीला तिकडे 'तामांदुआची मिठी' म्हणतात. आपली धृतराष्ट्राची मिठी हुबेहूब!

आता 'आळशी'. याला माझा ठाम विरोध आहे. पोर्तुगीज 'प्रेगीसा'चा अर्थही आळसच, पण ते बाहेरून आलेल्यांनी ठेवलेलं नाव. हा प्राणी पानांवर जगतो, त्यातून ताकद जेमतेम मिळते, एकेक घास पचायला कित्येक दिवस लागतात. तो जपून हलतो, आळसाने नव्हे. या नावाची झळ आपल्या अस्वलालाही लागली. १७९१मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी लांब नखं पाहून त्याला स्लॉथच्या कुळात घातलं. तेच 'स्लॉथ बेअर' पुढे मराठीत 'आळशी अस्वल' होऊन येतं. विदर्भात मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना विचारा, अस्वल किती आळशी असतं ते!

स्लॉथचं तुपी नाव त्याच्या आवाजावरून पडलंय : 'आ-ई'. सुंदर आहे, पण मराठी वाक्यात कसं चालवणार? 'आई झाडाला उलटी लटकली' असं व्हायचं. तिथे 'स्लॉथ'च लिहा.

— तातू आणि तामांदुआ घेतले. वाक्यांत स्लॉथच ठेवते, पण चित्राखाली 'आ-ई' हे नाव नक्की देणार. चित्रात मादी आहे, पोटाशी पिल्लू धरलेली.