मंगळवेढा दामाजीपंतांच्याही आधीचा

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची ओळख संत दामाजीपंतांपासून सुरू होते, असं काहीजण म्हणतात. त्यात थोडी भर घालतो. गाव त्याहून बरंच जुनं आहे. बाराव्या शतकात इथे कलचुरी राजघराण्याची सत्ता होती. त्या घराण्यातला बिज्जल इथूनच मोठा झाला आणि पुढे त्याने कल्याणीची (आजचं बसवकल्याण) चालुक्यांची गादी घेतली. याच गावाच्या कुसवाचं (तटाच्या भिंतीचं) काम करताना भिंत कोसळून संत चोखोबा गेले, हे मला फार लागतं. दामाजींनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांना खुली केली, ती पंधराव्या शतकातली गोष्ट.

पण कोठारं भरत होती ती इथल्या काळ्या जमिनीमुळे. ही खोल, चिकण माती पावसाळ्यातली ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. पाणी द्यायची सोय नसली तरी पीक येतं. माघात शेतात उभं राहून पाहा, भेगांत मनगट जाईल इतकी जमीन फाटलेली असते आणि वर मोत्यासारख्या दाण्यांची कणसं डुलत असतात! या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा खूप आनंद झाला होता.