फाटका, अनवाणी दक्षिणी शिपाई: खरा की युद्धानंतर रंगवलेला?

आडवा_धागा

गेली दोन वर्षं फावल्या वेळात माझा एकच उद्योग चाललाय. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैन्यातल्या साध्या पायदळ शिपायाला सरकारकडून अंगावर घालायला नेमकं काय मिळत होतं, ते शोधायचं. बायको म्हणते, मेलेल्यांचे कपडे मोजतोस. म्हणू दे.

चित्रांत, सिनेमांत हा शिपाई कायम चिंध्यांत दिसतो. पायात बूट नाहीत, विजारीला ढोपरावर भोक, डोक्यावर भलतीच टोपी. माझं म्हणणं असं की हे चित्र फार तर काही महिन्यांचं आहे, आणि आपण ते चार वर्षांवर पसरवलंय.

सुरुवातीला घोळ होता, हे मान्य. शिपायानं कपडे आपले आपण आणायचे आणि सरकारनं सहा महिन्यांना 25 डॉलर हातावर ठेवायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे 1861 साली एकेका पलटणीचा रंग वेगळा. जुलैमधल्या बुल रनच्या लढाईत 33वी व्हर्जिनिया पलटण निळ्या कपड्यांत चालून आली. उत्तरेच्या तोफखान्याला वाटलं आपलीच माणसं आहेत, आणि तोफा हातच्या गेल्या. पण ऑक्टोबर 1862 मध्ये ही पद्धत बंद करून कपडे देणं सरकारनं स्वतःकडे घेतलं. दक्षिणेची राजधानी रिचमंड, शिवाय कोलंबस, अटलांटा इथल्या डेपोंत, म्हणजे सरकारी कोठारांत, कापड कापायचं, गठ्ठे बांधायचे आणि घरोघरच्या बायकांना नगावर शिवायला द्यायचे. यातल्या बऱ्याच जणी शिपायांच्या बायका नाहीतर विधवा.

आकडा सांगतो. 1864 च्या शेवटच्या सहा महिन्यांत व्हर्जिनियात लढणाऱ्या एकट्या जनरल लीच्या सैन्याला 1,04,199 जॅकेटं, 1,40,578 विजारी आणि 1,67,862 जोड बूट दिल्याचा हिशोब क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे पुरवठा खात्याचा प्रमुख, लॉटननं दिलाय. हे चिंध्या घातलेलं सैन्य?

कापूसकोंड्या

धागा छान, पण मुद्दा पटला नाही. डेपोतून निघालेलं जॅकेट आणि शिपायाच्या अंगात चढलेलं जॅकेट यांत किती हात असतात? रेशन दुकानाच्या रजिस्टरवर सगळ्यांना साखर मिळालेली असते.

सप्टेंबर 1862 मध्ये मेरीलँडमध्ये शिरताना खुद्द लीनं दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिसला कळवलंय की माणसांचे कपडे धड नाहीत आणि हजारोंच्या पायात जोडे नाहीत. हा काही युद्धानंतर गळा काढणारा म्हातारा नव्हे, सेनापती आहे, आणि मोहिमेच्या ऐन तोंडावर लिहितोय. पुढच्या वर्षी दक्षिणेच्याच जनरल लॉन्गस्ट्रीटचं सैन्य पूर्व टेनेसीत हिवाळ्याला अडकलं, तेव्हा माणसं कच्चं कातडं पायाला बांधून चालली. डिसेंबर 1864 मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलहून जनरल हूडचं दक्षिणी सैन्य मागं हटलं, तेव्हा गोठलेल्या रस्त्यावरून अनवाणी. हे तर तुमच्या त्या भरभराटीच्या सहा महिन्यांतलंच!

आडवा_धागा

@कापूसकोंड्या, लीचं पत्र ऑक्टोबर 1862 च्या आधीचं आहे. जुनी पद्धत मोडकळीला आलेली आणि नवी अजून सुरू व्हायची, असा तो काळ. मी म्हणतोय तो काही महिन्यांचा काळ हाच.

साखरेच्या रजिस्टरचा टोला चांगला होता. पण मी फक्त डेपोच्या वह्या बघत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दक्षिणेच्या शिपायांच्या सेवानोंदी आहेत, आता घरबसल्या बघता येतात. त्यांत कपडे मिळाल्याच्या पावत्या सापडतात. तारीख, जॅकेट एक, विजार एक, अमुक जोड बूट, पुढे शिपायाची सही. लिहिता येत नसेल तर फुली आणि शेजारी साक्षीदाराचं नाव. आपल्याकडे अंगठा उठवायचे तसंच. त्या फुल्या बघितल्या की हिशोब नुसता कागदी वाटत नाही.

निळी_शाई

फोटोंचं काय? एप्रिल 1865 मध्ये रिचमंडजवळचं पीटर्सबर्ग पडल्यावर थॉमस रोश या फोटोग्राफरनं तिथल्या फोर्ट माहोनच्या खंदकांत मेलेल्या दक्षिणी शिपायांचे फोटो काढले. चिखलात पडलेत बिचारे, पण अंगावर शाबूत कपडे आहेत. ली शरण यायला आठवडाही राहिला नव्हता.

कापूसकोंड्या

खंदकातली माणसं! नऊ महिने एका जागी, आणि रिचमंडचा डेपो हाकेच्या अंतरावर. त्यांना कपडे मिळणार नाहीत तर कोणाला? टेनेसीत, मिसिसिपीपलीकडे असे फोटो काढायला कोणी गेलं होतं का?

हिराकस

मी इतिहासवाला नाही. उभा जन्म कापड रंगवण्यात गेला, आधी इचलकरंजीत, मग भिवंडीत. एक गोष्ट सांगतो, दोघांच्याही उपयोगी पडेल.

त्या जॅकेटांचं बरंचसं कापड 'जीन' नावाचं होतं. आपली जीन पँट नव्हे. उभा धागा सुती आणि आडवा लोकरीचा, त्यामुळे दर्शनी बाजूला लोकर जास्त दिसते. लोकर महाग आणि कमी, सूत भरपूर, म्हणून ही तडजोड. राखाडी रंग बहुतेक झाडपाल्याचा. लॉगवुड नावाच्या झाडाच्या लाकडाचा अर्क आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांतून काळपट-राखाडी निघतो. दिसायला झकास, पण उन्हाला टिकत नाही. महिनाभर उघड्यावर चाललात की खांद्यावरून पिवळट-तपकिरी पडायला लागतो, काखेत नि घडीच्या आत मात्र मूळ राखाडी राहतो. तिकडे ज्याला 'बटरनट' म्हणायचे तो रंग काही ठिकाणी अक्रोडाच्या जातीच्या झाडांच्या सालीनं मुद्दाम दिलेला, पण कित्येक ठिकाणी हा असा उडालेला राखाडीच.

म्हणजे नवं कोरं जॅकेट दोन महिन्यांत लांबून जुनाट, मळकं दिसणार. बघणाऱ्यानं 'भिकाऱ्यासारखे कपडे' लिहिलं तर तो खोटं बोलत नाही. पण कापड फाटलेलं असेलच असं नाही.

आडवा_धागा

हिराकसकाका, दंडवत! हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

कापडाचा विषय निघालाच आहे तर रिचमंड डेपोच्या मधल्या काळातल्या जॅकेटाबद्दल थोडं. कमरेपर्यंत आखूड, समोर एका ओळीत नऊ बटणं, खांद्यावर पट्ट्या, कमरेला पट्टा अडकवायचे बंद. आत अस्तर जाड्या, न धुतलेल्या सुती कापडाचं. मांजरपाटच म्हणा ना! काजं हातानं केलेली, आणि प्रत्येक जॅकेटावर टाका वेगळा, कारण प्रत्येक नग वेगळ्या घरात शिवलेला. एखादीची काजं सुरेख, एखादीची उरकलेली. नगावर पैसे मिळत असले की काज कसं होतं ते शिवणकाम केलेल्यांना सांगायला नको. या जॅकेटांची आज जी प्रकारवारी वापरतात ती लेस्ली जेन्सननं 1989 मध्ये मांडली. नंतर दक्षिणेला आयर्लंडमधूनही माल आला. लिमरिकच्या पीटर टेटची तयार जॅकेटं आठ बटणांची, निळसर राखाडी लोकरीची. उत्तरेच्या नौदलाची नाकेबंदी चुकवत ती उतरली.

कापूसकोंड्या

आणि शिल्लक किती आहेत? जी जॅकेटं संग्रहालयांत आहेत ती शेवटची. घरी येताना अंगावर होती म्हणून ट्रंकेत राहिली. 1862 चं जॅकेट अंगावरच विरलं नाहीतर फेकून दिलं. शाबूत नमुन्यांवरून 'सगळे शाबूत होते' म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यातला शालू बघून आजीच्या रोजच्या लुगड्याबद्दल बोलण्यासारखं आहे.

निळी_शाई

हा मुद्दा मात्र जबरी. +1.

पण फाटका शिपाई लोकांना इतका आवडतो का, याचंही उत्तर हवं. हरल्यावर दक्षिणेत एक गोष्ट पक्की केली गेली, तिला 'लॉस्ट कॉज' म्हणतात. आम्ही शौर्यात कमी पडलो नाही, आमच्याकडे फक्त माणसं आणि माल कमी होता, आणि युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच. या गोष्टीला अनवाणी शिपाई फार सोयीचा. त्याच्या पायाकडे बघत बसलं की तो कशासाठी लढतोय ते विचारावं लागत नाही. त्या जीनमधला उभा धागा कोणाच्या हातच्या कापसाचा, ते तर कोणीच विचारत नाही. गुलामांनी वेचलेला तो.

अवांतर: हाच कापूस लिव्हरपूलला पोचेना म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरबाजाराचं वेड लागलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, फुगा फुटला. रिचमंडच्या पराभवावर मुंबईत रडणारे लोक होते, आणि त्यांना जॅकेटाच्या बटणांशी काही देणंघेणं नव्हतं.

कापूसकोंड्या

गुलामगिरीबद्दल शंभर टक्के सहमत. पण दंतकथा सोयीची होती म्हणून तिच्यातलं प्रत्येक वाक्य खोटं ठरत नाही. नॅशव्हिलच्या रस्त्यावरचा तो अनवाणी पाय खरा होता, त्या पायाचा शिपाई चुकीच्या बाजूनं लढत असला तरी.

आडवा_धागा

बरं, एक पाऊल मागे येतो. 'दक्षिणी सैन्य' असं सरसकट म्हणणंच चुकलं. नॉर्थ कॅरोलिना आपल्या पलटणींना स्वतः कपडे पुरवत होतं आणि तिथला गव्हर्नर व्हान्सनं नंतर सांगितलं की शेवटी आपल्या कोठारांत 92,000 गणवेश पडून होते. त्याच वेळी हूडची माणसं बर्फात. कोणतं सैन्य, कोणता महिना, हे आधी विचारायला हवं. पण लीच्या सैन्याबद्दल, 1863 पासून पुढे, मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. आकडे तुमच्यासमोर आहेत.

कापूसकोंड्या

तेच आकडे पुन्हा बघा. लीकडे तेव्हा साठ-पासष्ट हजार माणसं धरा. 1,67,862 जोड बूट म्हणजे सहा महिन्यांत माणशी अडीच जोड, तेही बहुतेक वेळ खंदकात बसून. एक जोड अडीच महिन्यांत संपत होता. आता हाच बूट घालून टेनेसीत रोज दहा कोस चाला आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोटो पाठवा.

हिराकस

ओल्या चिखलात नीट न कमावलेलं कातडं असेल तर तिसरा आठवडाही लांबच.