मुलांची वजनं: गरोदरपणाच्याही आधी बघायला हवं

निशिगंध

शाळेच्या तपासणीत मूल जाड निघालं की बोट जातं डब्याकडे, बिस्किटांकडे आणि मोबाइलकडे. अंगणवाडीत कमी वजनाचं निघालं की आईला ऐकवलं जातं, "नीट भरवत नाहीस." माझं ठाम मत आहे की दोन्ही वेळा आपण काही वर्षं उशिरा जागे होतो. याचा भक्कम पुरावा आपल्या पुण्याच्या आसपासच्या सहा गावांतून आलेला आहे, तरी महाराष्ट्रातच त्याची चर्चा होत नाही, याची मला खंत वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून या गावांतल्या बायकांच्या नोंदी ठेवल्या, त्याही दिवस राहण्याच्या आधीपासून. सरासरी वजन जेमतेम ४२ किलो. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. एवढ्यावर 'आपली बाळं बारीक' म्हणून विषय संपला असता. पण मोजमापं घेतल्यावर दिसलं की आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेत, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखलेली आहे. म्हणजे दिसायला रोड, आणि शरीर मात्र चरबी धरून ठेवणारं.

हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट (फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांत चरबी जास्त निघाली. फोलेट जास्त आणि बी१२ हे जीवनसत्त्व सगळ्यांत कमी, अशा आयांच्या मुलांत शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे नेणारं, प्रमाण सर्वाधिक होतं. त्या गावांतल्या सुमारे दोन-तृतीयांश गरोदर बायकांत बी१२ कमी होतं. आपण सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतो, बी१२ त्यात नसतं.

बाळाचे अवयव पहिल्या तिमाहीतच आकार घेतात. नाव नोंदवून पहिली गोळी हातात पडेपर्यंत त्यातला बराच काळ सरलेला असतो. म्हणून पोषणाचा पैसा आणि लक्ष आधी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे जायला हवं. तुमचं काय मत?

पटांगण

असहमत, आणि जरा सविस्तर असहमत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. २०१५-१६ मध्ये देशातली पाच वर्षांखालची २.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती, २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के. एवढ्याशा काळात आयांची गर्भाशयं बदलली का? बदलली ती कोपऱ्यावरच्या दुकानातली लटकणारी पाकिटं. बदललं ते आमच्या भागातलं मैदान, जिथे आता गाड्या लागतात. दिसणारं कारण सोडून न दिसणाऱ्याच्या मागे गेलं की पाकीटवाले सुटतात.

दुसरं, पूरक आहार देऊन बघितलेला प्रयोगही आपल्याकडेच झालाय. मुंबईच्या वस्त्यांमधला 'सरस' प्रकल्प, २००६ पासून. साडेसहा हजारांवर बायका. अर्ध्यांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ, उरलेल्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. एकूण सगळ्यांचा हिशेब केला तर जन्मवजनात ठोस फरक नाही. दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत फरक होता ४८ ग्रॅमचा. यावर तुम्ही अख्खं धोरण उभं करणार?

निशिगंध

पटांगण, तुम्ही तो अभ्यास वाचलाय याचा आनंद आहे, पण पुढची पानंही सांगायला हवीत.

एक, ४८ ग्रॅमचा फरक आधीपासून खाणाऱ्यांतच दिसला. माझा मुद्दा तोच आहे. दोन, अगदी हडकुळ्या बायकांत फरक जवळजवळ नव्हता, आणि अंगाने बऱ्या असलेल्यांत १०० ग्रॅमच्या पुढे गेला. मला यातून कळतं ते असं की उपाशी शरीर आलेलं अन्न आधी स्वतःच्या झिजेवर खर्च करतं, बाळाच्या वाट्याला उरलं तर उरतं. तीन, आणि हे मला सगळ्यांत मोठं वाटतं: पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के होता, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. आईची साखर वाढली की बाळावर चरबी चढते, आणि ते मूल पुढेही जाड होण्याची शक्यता वाढते. वजनकाट्यावरच्या ग्रॅमांत हे दिसत नाही.

पाकिटांबद्दल वाद नाहीच. पण चरबी धरून ठेवायला शिकलेल्या शरीरात तेच पाकीट जास्त नुकसान करतं. तुमचं आणि माझं कारण एकाच मुलात भेटतं.

चुलीपाशी

आहारावर एवढं बोलणं झालं, मिशरीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, नाव कुणी काढलं नाही! मी सांगली भागातली. आमच्याकडे पहाटे उठून मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं मानणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि दिवस राहिले म्हणून ती सुटत नाही. भूक मरते, त्यामुळे कामाच्या घाईत बरंच वाटतं. मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मिशरी आणि तसल्या बिनधुराच्या तंबाखूने बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी निघालं, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणंही जास्त. वरच्या ४८ ग्रॅमशेजारी हा आकडा ठेवून बघा.

आणि कमी वजनाचं बाळ कमीच राहतं असं नाही. आई सिगारेट ओढणारी असेल तर मूल जन्मताना हलकं असतं, पण पुढे जाड होण्याची शक्यता साधारण दीडपट. चौदा अभ्यासांचा एकत्र हिशेब २००८ मध्ये झाला आहे. तो परदेशातल्या सिगारेटींचा. मिशरीच्या घरातली मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर कशी दिसतात हे आपल्याकडे कुणी मोजायला घेतलं पाहिजे. तंबाखूवर बोलायला लाजायचं आणि डिंकाच्या लाडवावर मात्र तासभर बोलायचं, हे मला पटत नाही.

आकडेमोड

चुलीपाशी, मिशरीबद्दल शंभर टक्के सहमत. तुमच्या नावावरून चुलीच्या धुराचं आठवलं, तिथे मात्र सावध राहावं लागतं.

धुराच्या घरांत बाळं हलकी असतात हे अनेक पाहण्यांत दिसलं. मग भारत (तामिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर बायकांवर प्रयोग झाला. अर्ध्या घरांना गॅस दिला. घरातला धूर एक-तृतीयांशावर आला. २०२२ मध्ये निकाल आला: गॅसच्या घरांत सरासरी २९२१ ग्रॅम, चुलीच्या घरांत २८९८. म्हणण्यासारखा फरक नाही. गॅस नको असं मी म्हणत नाही, बाईच्या फुप्फुसांसाठी तो हवाच. पण गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. चुलीचं घर हे गरिबीचंही घर असतं. प्लॅस्टिकमधल्या रसायनांनी पोटातलं बाळ पुढे जाड होतं, असे संदेश फिरतात तेव्हाही हे लक्षात ठेवा. उंदरांत बरंच दिसलंय, माणसांतलं चित्र अजून एकसारखं नाही.

याज्ञिकांचा बी१२चा धागाही पाहणीतलाच आहे, हे निशिगंध यांनी मांडलं पाहिजे होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात ती भोगलेल्या आयांची मुलं एकोणिसाव्या वर्षी जास्त स्थूल निघाली. शेवटच्या महिन्यांत भोगलेल्यांची मात्र कमी स्थूल. त्याच युद्धात रशियातल्या लेनिनग्राड शहराला पडलेल्या वेढ्यात पोटात असलेल्यांना मोठेपणी तपासलं, तर साखरेच्या बिघाडाशी गर्भातल्या उपासमारीचा संबंध सापडला नाही. एकाच नियमात हे सगळं बसत नाही.

निशिगंध

हॉलंडमध्ये काही महिन्यांत अन्न परत आलं, लेनिनग्राडमध्ये हाल वर्षानुवर्षं चालले. पोटात टंचाई आणि बाहेर सुबत्ता, असा उलटफेर झाला की बिघाड होतो, असा अर्थ अनेक संशोधक लावतात. आपल्या गावांत गेल्या तीस वर्षांत नेमका तोच उलटफेर झालाय. म्हणून मला हॉलंड जवळचं वाटतं.

पाहणी आणि प्रयोगाचा फरक मान्य. पुण्याच्या त्याच मुलामुलींना किशोरवयात बी१२ देऊन बघण्याचा प्रयोग २०१२ मध्ये त्यासाठीच सुरू झाला.

ओपीडी_नंतर

प्रसूतिशास्त्रात काम करते. एक ठळक सूचना: हा धागा वाचून कुणीही फॉलिक ॲसिड बंद करू नका. बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष त्याने टळतात, हे निर्विवाद आहे. मुद्दा बी१२ जोडण्याचा आहे. पालेभाजीत बी१२ नसतं; दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत असतं. पूर्ण शाकाहारी असाल आणि दूधही फारसं नसेल, तर दिवस राहायच्या आधी तपासणी करून घ्या.

वाडीवरची

मी अंगणवाडी सेविका, बीड जिल्ह्यातली. सगळ्यांचं वाचलं. निशिगंधताई, "दिवस राहण्याच्या आधी" म्हणता, पण आमच्या मुलींना तो 'आधी' मिळतोच कुठे? राज्यात २० ते २४ वयाच्या दर पाच बायकांमागे एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. आमच्याकडे दसरा-दिवाळीला कोयता निघतो, म्हणजे माणसं ऊसतोडीला बाहेरगावी जातात. एकट्याला उचल (आगाऊ मजुरी) मिळत नाही, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, म्हणून पोरीचं लग्न उरकतात. सहाव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी पोर मी बघितलीय. खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. पहाटे चारला भाकरी-चटणी, तीच दुपारी. तिला मी पालेभाजीचा तक्ता कोणत्या तोंडाने दाखवू?

तुमच्या त्या सहा गावांच्या अभ्यासातही जड काम करणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली होती, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्यात शेतातलं काम होतं आणि पाणी भरणंही. म्हणजे ताटात वाढण्याइतकंच डोक्यावरचं ओझं उतरवणंही पोषण आहे. अमृत आहार योजनेत आदिवासी भागात गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण अंगणवाडीत बसवून देतात. ते चांगलं, कारण घरी नेलेला शिधा सगळ्या घरात वाटला जातो. पण तेही शेवटच्या तिमाहीत सुरू होतं.

आणि सासवा अजून म्हणतात, जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडेल.

पटांगण

वाडीवरची ताई, तुमच्या प्रतिसादानंतर माझा विरोध कमी झालेला नाही, त्याला नीट जागा मिळालीय. सोळा वर्षांच्या मुलीला अंडं द्यायचं ते ती वाढत्या वयाची आहे, तिला भूक लागते म्हणून. उद्या तिच्या पोटी येणाऱ्या बाळाचा मधुमेह टळावा म्हणून नव्हे. 'भावी माता' म्हणून दिलं की जिचं लग्न होणार नाही, जिला मूल नको आहे, ती आपोआप यादीतून गळते. शिवाय मूल जाड किंवा रोड निघालं की "गरोदरपणी काय खाल्लं होतंस?" हा प्रश्न सगळे तिलाच विचारतात. ऊस तोडायला नेणाऱ्या मुकादमाला कुणी विचारत नाही.

निशिगंध

अंडं तिच्यासाठी द्यायचं, हे मनापासून मान्य. पण पैसे देणाऱ्या खात्याला तिच्या भुकेने पाझर फुटत नाही, हे आपण बघतोच आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. पुढच्या पिढीच्या मधुमेहाचा खर्च दाखवून ते अंडं परत येणार असेल, तर मी तो दाखवीन.

पटांगण

आणि मी तेव्हाही शेजारी उभा राहून म्हणेन की मुलीचं नाव आधी लिहा.

वाडीवरची

दोघांनी मिळून लिहा, पण आठवीच्या पुढच्या मुलींचंही लिहा. शाळेतलं जेवण आठवीला संपतं, आणि आमच्याकडे पोरगी नववीत गेली की पाहुणे यायला लागतात.