खिडक्या बिघडल्या की सगळी सेटिंग उडवायची का?

शीर्षकपट्टी (धागाकर्ती)
लिनक्सवरचा एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांची एक तक्रार सारखी दिसते. लॉगिन केलं, पॅनेल आलं, मेनू उघडतो, पण एकाही खिडकीला वरची पट्टी नाही. खिडकी हलत नाही, बंद करायचं बटण गायब. त्यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘होममधल्या कॉन्फिगमधलं (जिथे सेटिंग साठतात तिथलं) एक्सएफसीई४ फोल्डर उडवा आणि परत लॉगिन करा.’ हा सल्ला देणं आपण थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टी रेखाटण्याचं काम एक्सएफडब्ल्यूएम४ या विंडो मॅनेजरचं, म्हणजे खिडक्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमाचं. सगळ्याच खिडक्यांची पट्टी गेली, म्हणजे बहुतेक वेळा तो चालूच नाही. ऑल्ट एफ२ दाबा, उघडणाऱ्या चौकटीत त्याचं नाव रोमन लिपीत लहान अक्षरांत लिहा, एक जागा सोडा, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून रिप्लेस. चौकटीत टाइप होत नसेल तर माउस तिच्यावर नेऊन बघा. पट्ट्या आल्या आणि पुढच्या लॉगिनला पुन्हा गेल्या, तर संशय साठवलेल्या सत्रावर (सेशनवर) घ्या, म्हणजे लॉगआउटच्या वेळी चालू असलेल्या कार्यक्रमांच्या नोंदीवर. विंडो मॅनेजर बंद पडलेला असताना लॉगआउट झालं आणि सेशन सेव्ह करण्याची खूण तशीच राहिली, की त्याच्याविना असलेलं सत्र साठवलं जातं आणि तेच दर वेळी उघडतं. हे सत्र कॉन्फिगमध्ये नाही, होममधल्या कॅश फोल्डरातल्या सेशन्समध्ये असतं. म्हणजे कॉन्फिग उडवून माणसाचं सगळं जातं, आणि दुखणं तिथंच राहतं.

लॅबवाला
तुमचं निदान बरोबर आहे, सल्ला मात्र पटत नाही. मी शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. तास सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत, मुलं दारात उभी आहेत, आणि बाई फोनवर विचारताहेत. त्यांना ‘आधी हे चालवा, मग ते तपासा’ सांगत बसायचं? मी कॉन्फिग आणि कॅश दोन्ही उडवायला सांगतो. मशीन चालू होतं, तास होतो. विद्यार्थ्याच्या खात्यात जपण्यासारखं सेटिंग नसतंच. शिवाय मुलांनी इतक्या ठिकाणी हात लावलेला असतो की एकच कारण सापडेल याची खात्री नाही.

शीर्षकपट्टी
लॅबपुरतं मान्य. पण हाच सल्ला लोक घरच्या आणि ऑफिसच्या मशीनसाठी उचलतात, माझा राग त्यावर आहे. त्या फोल्डरात काय काय असतं बघा: पॅनेलची मांडणी, कळफलकाचे सगळे शॉर्टकट आणि कीबोर्ड लेआउट. मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी यांची अदलाबदल तिथेच बसवलेली असेल तर तीही जाते. दिवसभर मराठीत टाइप करणाऱ्या माणसाला पट्टी मिळते, पण कळफलक हातातून जातो. ज्याने ते एकदा दुसऱ्याकडून बसवून घेतलंय, त्याने पुन्हा कोणाच्या मागे लागायचं?

आणि उडवायचंच तर नीट उडवा. एक्सएफकॉन्फडी नावाचा, मागे चालत राहणारा कार्यक्रम ही सेटिंगची मूल्यं स्मृतीत धरून असतो. चालू सत्रात फाइल काढली, तरी पुढचा बदल झाला की तो जुन्या मूल्यांसकट ती पुन्हा लिहितो. ‘उडवलं तरी तेच’ म्हणणारे बरेच जण इथे अडकलेले असतात. आधी लॉगआउट करा, कंट्रोल ऑल्ट एफ३ ने कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) जा, आणि फोल्डर न पुसता त्याचं नाव बदला.

वक्ररेषा
धागाकर्तीच्या बाजूने आणखी एक. इंकस्केप या चित्रं काढायच्या कार्यक्रमात ऑल्ट धरून क्लिक केलं की खाली दडलेली आकृती निवडली जाते. एक्सएफसीईत ती क्लिक विंडो मॅनेजर स्वतःकडे घेतो, कारण खिडकी धरून हलवायची कळ मुळातच ऑल्ट आहे. यावरही लोकांना ‘रीसेट करा’ सांगितलेलं मी वाचलंय. रीसेट केल्यावर ऑल्टच परत येणार! विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये, ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर ती कळ सुपर (विंडोजच्या खुणेची) करा, काम झालं.

नवी वाट
तुम्ही दोघंही जुनं घर डागडुजी करत बसला आहात. एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेत विंडो मॅनेजर वेगळा कार्यक्रम असतो म्हणून तो एकटा मरतो आणि बाकी डेस्कटॉप उघडा पडतो. वेलँड या नव्या व्यवस्थेत ते काम सगळा पडदा जुळवणारा कंपोझिटरच करतो, त्यामुळे हा बिघाड या रूपात होतच नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तीच वेलँड ही मूळ निवड ठेवून. नव्या माणसाला तिकडेच पाठवा.

शीर्षकपट्टी
आणि कंपोझिटर पडला तर? एक्स११ वर विंडो मॅनेजर मेला तरी उघडी कागदपत्रं जिवंत राहतात. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये एक्स११ वर ऑल्ट एफ२ आणि आर दाबून शेल (डेस्कटॉपचा दर्शनी भाग) पुन्हा सुरू करता यायचं, वेलँडवर ती सोय नाही. केविन या प्लाझ्माच्या कंपोझिटरने त्यावर चांगलं काम केलंय, क्यूटी या साधनसंचावर बनलेले कार्यक्रम आता तग धरू शकतात, पण सगळ्यांना ते लागू नाही. आणि एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँड अजून प्रायोगिकच आहे, तेही लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर या बाहेरच्या कंपोझिटरच्या आधाराने. जुन्या मशीनवर एक्सएफसीई वापरणाऱ्याला ‘डेस्कटॉप बदल’ सांगणं हा रीसेटपेक्षाही मोठा रीसेट आहे.

लॅबवाला
नाव बदलायची सूचना घेतली, पुसण्यापेक्षा ती बरी. लॉगआउटचंही पटलं. पण मुलांच्या खात्यांना मी रीसेटच करणार, त्यात बदल नाही. तिथे मला कारण शोधायचं नाही, तास घ्यायचा आहे.

शीर्षकपट्टी
मग निदान तो बिघाड उगवणारच नाही असं करा. वापरणाऱ्याला काय करता येईल यावर बंधन घालणारी किऑस्क नावाची सोय एक्सएफसीईला आहे. इटीसी फोल्डरात एक्सडीजी, त्यात एक्सएफसीई४, त्यात किऑस्क, आणि तिथल्या किऑस्कआरसी फाइलमध्ये एक्सएफसीई४-सेशन या विभागाखाली सेव्हसेशन बरोबर नन, सगळं रोमनमध्ये, असं लिहा. मग कुठल्याच विद्यार्थ्याला सत्र साठवता येत नाही. प्रत्येक मशीनवर एकदाच करायचं.

लॅबवाला
हे माहीत नव्हतं. शनिवारी लॅब रिकामी असते, तेव्हा एका मशीनवर लावतो आणि पट्टी मुद्दाम घालवून बघतो. चाललं नाही तर इथेच येऊन भांडेन.