मदत हवी आहे: नव्या पीसीत हार्ड डिस्क दिसत नाही

मंडळी, नव्या पीसीत ८ टीबीची सर्व्हरवाली साटा (डिस्क जोडायच्या नेहमीच्या केबलवाली) डिस्क बायोसमध्येच (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) येत नाही. एसएसडी मदरबोर्डवरच्या दुसऱ्या एम.टू स्लॉटमध्ये (एसएसडी थेट बसवायची खाच) आहे आणि मॅन्युअलनुसार तो भरला की साटा पोर्ट ५-६ बंद होतात, म्हणून केबल पोर्ट १ ला लावली. तरी तेच. हात लावला तर डिस्क थरथरतही नाही. यूएसबी डॉकवर मात्र मस्त फिरते. म्हणजे डिस्क ठीक आहे; पीसीच्या पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवरचे ३.३ व्होल्ट (अशा काही डिस्कसाठी हा ‘बंद राहा’ असा इशारा असतो) तिला झोपवत असणार. (जुन्या डिस्कना याने काही होत नसे.)

आता त्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी पट्टी) लावू की मोलेक्स-साटा अडॅप्टर (जुन्या चार पिनांच्या पॉवर केबलवरून, जिच्यात ३.३ व्होल्ट नसतात)? ओतीव प्लास्टिकचा नको, तो आतून शॉर्ट होऊन जळू शकतो. क्रिम्प केलेला (तारा वेगवेगळ्या पिनांत दाबून बसवलेला) नाशिकमध्ये, एमजी रोड किंवा सिडकोत, कुठे मिळेल?